काठवस्तीची फुलं

निकाल लागला. दुपारी काठवस्तीची बस काठवस्तीला पोहोचली. बसमध्ये टोपली होती, फुलं नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकान उघडलं नाही. नंतरही उघडलं नाही.

लातुरात गंजगोलाईपासून फार लांब नाही अशा एका इमारतीत वरच्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय होतं. मी तिथं ग्रंथपाल होतो. जिन्याखाली बाईंचं फुलांचं दुकान आणि दुकानामागं त्यांची राहायची खोली. दुकानाला पाटी नव्हती. पाटी का नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "फुलं दिसतात. आंधळ्याला वास येतो. पाटी कुणासाठी लावू?" मला त्या कधी नावानं बोलावत नसत. "ओ पुस्तकवाले" अशी हाक जिन्यातून वर यायची आणि वाचत बसलेली चार म्हातारी माणसं माना वर करायची.

बाई आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाली तरी फोन वाजला की त्या उचलून "बोला, लातूर" एवढंच म्हणायच्या, जसं काही सगळं शहर त्यांच्या खुर्चीत बसलंय. बोलताना मान उजवीकडे कलायची आणि रिकामा हात कानाशी जायचा, तिथं हेडफोन असल्यासारखा. समोरचा दोनदा "हॅलो" म्हणाला की फोन ठेवून द्यायच्या. "एकदा ऐकू आलं की पुन्हा कशाला ओरडतो मेला," म्हणायच्या. दुकानात त्या रस्त्याकडे पाठ करून बसत. गिऱ्हाईक आलं की आवाजावरून ओळखत, चेहरा शेवटी बघत.

माहेर मुदखेडचं. तिथं त्यांच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. स्टेशनवर गाडी थांबली की टोपल्या डब्यात चढवायच्या, हे लहानपणीचं काम. त्यामुळं फूल दूर कसं धाडायचं ते त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. खाली ओलं पोतं, त्यावर एरंडाची पानं, वरून ओलं फडकं, आणि टोपली उन्हाच्या बाजूला ठेवायची नाही. पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. आज तोडलेलं फूल आजच पोहोचलं पाहिजे. संध्याकाळी उरलेली फुलं त्या इमारतीमागच्या खड्ड्यात नेऊन पुरत. दुसऱ्या दिवशी पाणी मारून विकणाऱ्या बाजूच्या दुकानदाराला त्या तोंडावर मुडदेफरास म्हणाल्या होत्या. तो बिचारा पोलिसात गेला. हवालदार चौकशीला आला तर बाईंनी त्याच्या हातात त्याच दुकानातला शिळा गुलाब दिला आणि म्हणाल्या, "बायकोला द्या, मग या." हवालदार परत आला नाही.

घासाघीस करणाऱ्याला त्या नुसते देठ बांधून द्यायच्या. एका वरबापाला त्यांनी अशी देठांची मोठी जुडी दिली, वर कागदही नीट गुंडाळला. तो घरी जाऊन उघडेपर्यंत त्याला कळलं नाही. परत येऊन तो बराच बोलला. बाई पाठ फिरवून हार ओवत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "जेवढं बोललात तेवढ्यात दुसरीकडून हार आणून झाले असते."

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा ही की फुलं कशासाठी पाहिजेत, हे त्या कुणाला विचारत नसत. लग्न, बारसं, वर्षश्राद्ध, नवी गाडी, काहीही असो. कुणी सांगायला लागलं तर हात आडवा करत. "फुलं सांगा. गोष्ट नको." लातुरात याची थट्टा व्हायची. लोक मुद्दाम सांगायला जायचे आणि शिव्या खाऊन यायचे.

या तऱ्हेचं कारण मला त्यांनीच सांगितलं. एकदाच.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या रात्रपाळीला होत्या. एक्स्चेंजच्या भिंती हलल्या, मग बोर्डावरचे दिवे लागले ते पुढं कित्येक दिवस विझले नाहीत. मुंबई, पुणे, नांदेड, सोलापूर, सगळीकडून लोक लाइन मागत होते आणि सगळे एकच प्रश्न विचारत होते. कोण कोण गेलं? बाई लाइन जोडून द्यायच्या. जोडली की नाही हे बघायला क्षणभर ऐकावं लागायचं. तो क्षण प्रत्येक वेळी याच प्रश्नाचा असायचा.

मग एका दिवशी पडलेल्या गावांपैकी एका गावाहून, तिथल्या मदत छावणीतून, एक म्हातारी लाइनवर आली. मुलगा नांदेडला होता, कुठल्या तरी कारखान्यात. कुणीतरी तिच्या हातात फोन दिला होता. बाईंनी लाइन जोडली. मुलानं विचारलं, "माय, कोण कोण गेलं?" त्यानं पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "समद्यांला एकाच जागी दिलं रे. घराचीच लाकडं अन् रॉकेल. फूल बी न्हाई घातलं कुणाला." तो रडत रडत तिसऱ्यांदा तेच विचारू लागला. तिनं फोन ठेवला.

"मी पण ठेवला," बाई म्हणाल्या. "बोर्डावरून उठले. घरी गेले. पुन्हा गेले नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हाला विचारायची सवय नाही. पुस्तकवाल्यांचा तेवढा फायदा."

त्या गावचं पुढं असं झालं की सरकारनं माळावर नवं गाव बांधलं. आखीव रस्ते, एकसारखी घरं. पण भोयांची काही घरं आणि त्यांच्या आसऱ्यानं आणखी थोडी माणसं तिकडे गेली नाहीत. मासे माळावर सापडत नाहीत, म्हणाली. ती धरणाच्या फुगवट्याच्या कडेला पत्र्याच्या शेडांत राहिली. तीच काठवस्ती. पाणी चढलं की उंबऱ्याला लागायचं, उतरलं की भेगाळलेला गाळ उघडा पडायचा. तिथं बाभळी आणि बेशरमीची झुडपं सोडून काही उगवत नव्हतं. बेशरमीला फुलं येतात, जांभळट गुलाबी, दिसायला बरी. ती देवाला चालत नाहीत आणि माणसालाही नाहीत.

काठवस्तीत किराणा दुकान झालं आणि त्या दुकानात फोन आला. बाईंनी जुन्या ओळखीतून तो नंबर काढला, म्हातारी तिथंच राहते हेही काढलं. फोन लावला. म्हातारीला बोलावून आणायला सांगितलं. ती धापा टाकत आली. बाई म्हणाल्या, "मी लातूरहून बोलते. फुलं लागली तर सांगत जा. त्याच दिवशी येतील." म्हातारीनं कोण, कुठली, काही विचारलं नाही. म्हणाली, "हाव."

तेव्हापासून सुरू झालं. फोन वाजायचा. "बोला, लातूर." पलीकडून म्हातारीचा आवाज, "फुलं लागतेत." बाई म्हणायच्या, "येतील." संपलं. त्या दोघी एवढंच बोलायच्या. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलं नाही. मी एकदा म्हणालो, बस तर तिथपर्यंत जातेच, एक दिवस जाऊन या. बाई म्हणाल्या, "मी गेले की ती मला जेवायला घालेल, मी तिला विचारीन, ती सांगेल. मग काय राहिलं?"

टोपली त्या दोन थरांत भरत. वर झेंडू, गुलाब, रंगीत. मधे ओलं फडकं. खाली निशिगंध आणि तुळस. वरचा थर आनंदाला, खालचा मातीला. आमच्याकडे अंत्ययात्रेला माती म्हणतात. ज्यांना जो लागेल तो त्यांनी घ्यावा, उरलेला मारुतीला वाहावा. अशानं न विचारता सगळं भागत असे. टोपली स्टँडवर काठवस्तीच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची. तो ड्रायव्हरच्या बाजूला, इंजिनच्या झाकणावर गरम लागू नये म्हणून खाली पोतं घालून ठेवायचा. उंच, हडकुळा, पान खाणारा माणूस. इतकी वर्षं त्यानं टोपली नेली, पण आत काय चाललंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला सांगितलेलं एवढंच, "फुलं आहेत. आज पोहोचली पाहिजेत."

टोपली संध्याकाळच्या बसनं परत यायची ती रिकामी कधीच नसे. काठवस्तीची माणसं तिच्यात मासे घालून धाडायची. बाई शाकाहारी, त्यात सोमवार आणि गुरुवारचे उपास. जिन्याखालून त्यांचा आवाज यायचा, "फुलाच्या टोपलीत मासे घालतात, मुडदे मेले," आणि मग राखेनं टोपली घासल्याचा आवाज. मासे कंडक्टर घेऊन जायचा. आता नका धाडू, असं मात्र त्यांनी काठवस्तीला कधी सांगितलं नाही. मी त्यावरून एकदा चिडवलं. त्या म्हणाल्या, "वास जातो. तुमच्या पुस्तकांचा कुबट वास गेलाय का कधी?"

म्हातारीनं एकदाच नेम मोडला. मी दुकानात वर्तमानपत्र द्यायला गेलो होतो. फोन आला. "फुलं लागतेत" झालं, "येतील" झालं. पण पलीकडून फोन ठेवला गेला नाही. बाईंनी वाट पाहिली. मला आवाज पुसट ऐकू आला.

"बाई, माझ्या टायमाला बी धाडशील का?"

बाईंचा हात कानावरून खाली आला. म्हणाल्या, "येतील."

मला वाटतं, त्या दिवसापासून बाईंचं सगळं आयुष्य या एका शब्दावर उभं होतं. बाकीचं सगळं, शिव्या, देठांच्या जुड्या, हवालदार, हे त्या शब्दाभोवतीचं कुंपण होतं.

याच वर्षांत लातूर बदललं. आमच्या शहराला आधी डाळीच्या बाजारानं ओळखत, नंतर भूकंपानं, आणि मग मुलांच्या गुणांनी. जिल्ह्याजिल्ह्यांतून, नांदेडहून, बीडहून, जळकोट, उदगीरकडून आईबाप पोरांना घेऊन उतरू लागले. खोल्या, खाणावळी, झेरॉक्स. भिंतींवर पोरांचे फोटो आणि फोटोखाली गुण. वाचनालयाच्या समितीनं ठरवलं की कादंबऱ्या कुणी वाचत नाही, अभ्यासिका काढावी. माझी कपाटं पोत्यांत भरून तळघरात गेली. तिथल्या ओलीनं त्यांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. हे लिखाण माझ्या पुस्तकांबद्दल नाही.

इमारतीच्या पलीकडच्या अंगाला एक क्लास होता. त्याच्या संचालकांना सगळं शहर नुसतं 'सर' म्हणत असे. गोड बोलणारा माणूस. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. मला त्या नमस्काराची भीती वाटायची.

त्या दिवशी परीक्षेचा निकाल होता. उन्हाळा सरत आलेला, फूल आधीच कमी. सकाळी मी वाचनालय उघडायला आलो तेव्हा बाई दुकानात उभ्या होत्या. त्या कधी उभ्या राहत नसत. फोन येऊन गेला होता.

"म्हातारी नव्हती," त्या म्हणाल्या.

मी वाचनालयाच्या किल्ल्या खिशात ठेवल्या.

"मुलगा होता. नांदेडचा. आवाज तोच." मग म्हणाल्या, "या वेळी त्यानं काही विचारलं नाही. फुलं लागतात म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतील म्हणाले."

मी म्हणालो, या टोपलीत नुसती पांढरी फुलं घाला. बाई चिडल्या. "कंडक्टरनं उघडून बघितलं तर? त्याला बसभर सांगायचंय का, कोण गेलं ते?" त्यांनी नेहमीसारखेच दोन थर केले. फक्त खालचा थर इतका जाड केला की टोपली उचलताना माझ्या खांद्याला रग लागली. दुकानातला सगळा निशिगंध तिच्यात गेला. वर झेंडू आणि गुलाब, रोजच्यासारखे. मी स्वतः टोपली स्टँडवर नेऊन कंडक्टरच्या हातात दिली. बाईंनी सांगितलं तसंच बोललो. फुलं आहेत, आज पोहोचली पाहिजेत.

परत येताना मंडईतून आलो. सगळे गाळे मोकळे होते. सरांच्या माणसांनी पहाटेच गाड्या लावून सगळं फूल उचललं होतं. त्यांच्या क्लासची पोरं पहिली की कितवी तरी आली होती.

ज्या रस्त्यानं बस बाहेर पडते, त्याच रस्त्यावर मिरवणूक होती. ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर पोरं, पोरांच्या गळ्यात हार. ढोल. मंडईतलं सगळं फूल घेऊनही पुढच्या चौकापर्यंत उधळायला पुरलं नाही, इतकं ते उधळत आले होते. बस अडकली. ड्रायव्हरच्या शेजारी टोपली, टोपलीत झेंडू आणि गुलाब. कुणाला तरी दिसलं. दार उघडून चारपाच जण वर आले. कंडक्टरनं टोपलीवर हात ठेवला.

हे मला त्यानंच सांगितलं, संध्याकाळी, रिकामी टोपली घेऊन जिन्याखाली उभा असताना. बाई खुर्चीत होत्या. मी दारात होतो. त्याच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं.

"लई अडवलो बाई. ऐकंनात. हसून राहिले व्हते. आरं, लातूरचं नाव झालं अन् तू फुलं धरून बसलास, म्हणून राहिले."

"तू काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"म्हणलो, फुलं बाईची हायती. आज पोचवायची हायती."

"मयताची आहेत नाही म्हणालास?"

त्यानं टोपली खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "मला कुठं ठावं व्हतं? तुम्ही कधी सांगितलाव का? मयताची म्हणलो असतो तर एक हात लावला नसता कुणी. मीच लावू दिला नसता."

बाईंनी उजवा हात कानाशी नेला आणि तिथंच ठेवला.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. काठवस्तीची माणसं फाट्यावर बसची वाट पाहत उभी होती. तिरडी सकाळीच बांधून झाली होती. फुलं आल्याशिवाय उचलायची नाही असं म्हातारीनं सांगून ठेवलं होतं. टोपली रिकामी बघून मुलगा बसच्या मागं रस्त्याकडे बघत राहिला. त्यांना वाटलं, दुसऱ्या बसनं येतील. आजवर कधी चुकली नव्हती. ती सगळी परत पाण्याकडे गेली आणि थांबली. संध्याकाळची बस काठवस्तीहून परत निघाली तेव्हाही ती थांबलेलीच होती. ऊन कलत होतं.

बाई उठल्या. पायात चप्पल घातली. मी मागं गेलो. त्या सरळ सरांच्या सत्काराच्या मांडवात शिरल्या. भाषणं झाली होती, पेढे चालले होते. व्यासपीठावरच्या टेबलावर उतरवलेल्या हारांचा ढीग होता. निशिगंधाचेही होते. सर पुढं आले, वाकले. बाईंनी काय झालं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या फुलं कशासाठी होती ते सांगत होत्या, आणि ढोल वाजत असल्यामुळं त्यांना ते ओरडून सांगावं लागलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा दुःखी केला. "अरेरे. पोरांचा उत्साह हो बाई. आधी सांगायचं ना, मयतासाठी आहेत म्हणून. आपण माणसं आहोत." मग टेबलाकडे हात केला. "हे घेऊन जा की. सगळे घेऊन जा. आमची गाडी देतो पोहोचवायला. काय कमी आहे?"

गाडी होती. रस्ता होता. फुलं होती, त्याच दिवशी तोडलेली. बाई त्या ढिगाकडे बघत राहिल्या.

"दुसऱ्याच्या गळ्यातून उतरवलेला हार मयताला घालू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या आईला घातला होता का?"

सर हसले. रागावले नाहीत, हसले, आजूबाजूला बघून, वेड्या माणसाला सांभाळून घ्यावं तसे. "बाई, फूल ते फूल," म्हणाले. कुणीतरी बाईंच्या हातात पेढ्याचा द्रोण दिला.

मी पन्नाशी ओलांडलेला, कधी आवाज न चढवलेला माणूस आहे. त्या हसण्याचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. मला लोक सांगतात की त्या पोरांचा काय दोष, आणि ते मला पटतं. पोरांवर माझा राग नाही. एका शहरानं स्वतःच्या कौतुकासाठी दुसऱ्याच्या टोपलीत हात घातला आणि वर विचारलं, आधी का नाही सांगितलं. बाई कुणाला विचारत नव्हत्या, कारण विचारण्यानं माणूस कसा सोलून निघतो ते त्यांनी ऐकलं होतं. या लोकांनी विचारलं नाही, कारण त्यांना गरज वाटली नाही.

द्रोण बाईंनी टेबलावर ठेवला. आम्ही परत आलो. तोपर्यंत ऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. त्यानंतर काठवस्तीहून फोन आले. बाई मागच्या खोलीत बसून ऐकायच्या, उचलायच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, चूक तुमची नाही, पुन्हा सुरू करा. त्या म्हणाल्या, "येतील म्हणायचा हक्क गेला माझा. आता काय म्हणू? बघते म्हणू? तसं म्हणणारे लातुरात पुष्कळ आहेत." मग त्यांनी फोनच काढून टाकला. कंडक्टरच्या हाती मात्र झेंडूची आणि शेवंतीची रोपं धाडली, मुदखेडहून भावाकडून मागवलेली, आणि निरोप दिला, की दारात लावा, लातूरच्या भरवशावर राहू नका. गाळात ती जगली नाहीत. मग काठवस्तीच्या बायकांनी डब्यांत आणि फुटक्या होड्यांत चांगली माती भरून लावली. ती जगली. हे कंडक्टर येऊन सांगायचा. बाई म्हणायच्या, "मला कशाला सांगतो?" आणि तो गेला की मला विचारायच्या, "होडीत, म्हणाला ना?"

बाई गेल्या त्या मागच्या पावसाळ्यात, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. मुदखेडचा भाऊ आधीच गेलेला होता. पुण्याहून भाचा आला. त्याला परतायची घाई होती. दुपारच्या आत उरकू, म्हणाला. सरांच्या क्लासकडून पुष्पचक्र आलं, माणसाच्या उंचीचं, त्यावर सोनेरी अक्षरांत क्लासचं नाव आणि शाखांची नावं. दोन माणसांनी ते आणून बाईंच्या पायाशी टेकवलं आणि त्याच्यासोबत फोटो काढला.

भाचा येण्याआधीच मी काठवस्तीच्या दुकानात फोन लावला होता. नंबर मला पाठ होता. पलीकडून एका माणसाचा आवाज आला. मी म्हणालो, "लातूरहून बोलतो. फुलं लागतात."

पाण्यावर टिटवी ओरडत होती, ती ऐकू आली.

"येतील," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

भाच्याला मी सांगितलं, बस आल्याशिवाय उचलायचं नाही. तो म्हणाला, काका, फुलं इथं एवढी आहेत. मी दारात उंबऱ्यावर बसलो. वैकुंठरथाचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. क्लास सुटले होते, रस्ता पोरांनी भरला होता आणि आज पुन्हा बस अडकेल असं मला वाटत होतं. भाचा माझ्याशी मोठ्यानं बोलला. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. शेजारचे लोक म्हणतात, मी ओरडलो. तसं असेल.

बस आली. कंडक्टर निवृत्त झाला होता, पण त्या दिवशी तिकीट काढून तोच टोपली घेऊन आला. काठवस्तीची टोपली होती, मासळीची. वर झेंडू, मधे ओलं फडकं, खाली शेवंती आणि तुळस. दोन्ही थर. आम्ही वरचा थर बाजूला ठेवला आणि खालचा बाईंना घातला. सगळ्या फुलांना मासळीचा वास येत होता. भाच्यानं नाकाला रुमाल लावला. पुष्पचक्र मी उचललं, ते जड होतं, आणि क्लासच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

यानं फिटलं, असं मला कुणी सांगू नये. पाण्याकाठी एक म्हातारी फुलांशिवाय गेली. आयुष्यात तिनं एवढंच मागितलं होतं.

दुकानाच्या जागी आता क्लासची प्रवेश चौकशीची खिडकी आहे. वरची अभ्यासिका चोवीस तास उघडी असते. काठवस्तीला फुलं आता लातूरहून जात नाहीत. बाईंसाठी फुलं आणलेली ती मासळीची टोपली माझ्या खोलीत आहे, आणि मी ती राखेनं घासत नाही.